कॉलनीच्या ग्रुपचा अॅडमिन हाय, भाऊजीनं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेवर पोस्ट टाकली, मले उचलतीन का?

मानेवाडा_वाला:
भावहो सिरीयस विचारून राहिलो. आमच्या कॉलनीचा वॉट्सअॅप ग्रुप हाय, पाणी कवा येते, लाइट काहून गेली, गेटसमोर कोणाची गाडी हाय, असेच मेसेज राहतात, आन अॅडमिन मी, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. माह्या भाचीनं यंदा, म्हंजे 2024 ले, नीट देली. फिजिक्सचा तो अणूवाला प्रश्न, त्यात तिनं ऑप्शन 2 भरला होता, कारण घरी चुलत भावाचं एनसीईआरटीचं जुनं पुस्तक होतं आन त्याच्यात ते वाक्य त्यानं पेन्सिलीनं अंडरलाइन करून ठेवलेलं. पह्यले 2 आन 4 दोन्ही उत्तरं बरोबर धरले होते, आता 23 जुलैले सुप्रीम कोर्टानं आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञायचं ऐकून ऑप्शन 4 एकच बरोबर म्हटलं. म्हंजे 4 मार्क गेले आन वरून निगेटिव्हचा 1, पूरे 5 मार्क. भाऊजीचं डोकं फिरलं. रात्री साडेअकराले ग्रुपवर मेसेज हाणला, 67 पोट्ट्यायले 720 पैकी 720 कसे, पेपर फुटला हे मान्य करता तं परीक्षा रद्द काहून नाही, आन शेवटी एका मंत्र्याले घरच्यासकट शिव्या. सकाळी आमचे रिटायर्ड काका म्हणे मेसेज उडव, पोलीस पह्यले अॅडमिनले उचलतात. खरंच असा नियम हाय का? ग्रुप 'फक्त अॅडमिन'वर टाकून देऊ?

तर्री_जास्त:
तो 'अॅडमिनले उचलतात'वाला मेसेज माह्या आईलेही दर निवडणुकीत येते बाप्पा, खाली 'कलेक्टर साहेबांच्या आदेशावरून' लिहून राहते. कोणत्या जिल्ह्याचा कलेक्टर, ते आजपर्यंत कळलं नाही.

झेरॉक्सवाला_हायकोर्टाजवळ:
मी वकील नाही, पण दिवसभर वकिलांचेच कागद काढतो. अॅडमिनचं म्हणाल तर आपल्याच नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण, ग्रुपमधल्या एकानं एका बाईबद्दल घाण लिहिलं आणि अॅडमिननं त्याला काढलं नाही म्हणून अॅडमिनवरही गुन्हा. कोर्ट म्हणालं, अॅडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो, पण कोण काय टाकणार हे आधी थोडीच तपासू शकतो, दोघांचं आधीपासून ठरलेलं असेल तरच तो गुंतेल. गुन्हा रद्द झाला.
काकांची भीती मात्र हवेतली नाही. 2012 ला पालघरच्या दोन मुली आठवतात? एकीनं मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. ते आयटी कायद्याचं 66अ कलम सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला उडवलं, तरी 2021 मध्ये कोर्टालाच कळलं की ठाण्यांमध्ये त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच आहे. आता भाऊजींचा प्रश्न म्हणजे 67 चा हिशोब विचारणं, त्यात काही नाही. पण शिव्या आहेत, तिथे बदनामीचं कलम आहे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 356. त्या ओळी काढायला सांगा.

सदरची_ताई:
सगळ्यांना परीक्षा रद्दच का हवी आहे तेवढं कोणी सांगा मला. माझ्या मुलानं पण दिली, दोन वर्षं ड्रॉप घेऊन, बरे मार्क आलेत, त्यानं कोणाचा पेपर पाहिला होता? 23 लाख मुलं होती, हजारीबाग आणि पाटण्याच्या निदान 155 जणांना फायदा झालेला दिसतो असं कोर्टातच आलं, मग त्यांना पकडा ना. तुमच्या भाचीच्या 5 मार्कांचं मात्र खरंच वाईट वाटलं, पुस्तक छापणारं सरकारच, नव्या पुस्तकात वाक्य बदलणारं सरकारच, आणि मार्क गेले पोरीचे. मंत्र्याच्या बायकोनं काय केलं होतं पण?

तर्री_जास्त:
ताई 155 सापडले, न सापडलेल्यायचं काय?

सदरची_ताई:
न सापडलेल्यांसाठी माझ्या पोरानं परत बसायचं का? तुम्ही या त्याला सांगायला.

मानेवाडा_वाला:
अपडेट. ग्रुप उघडाच ठेवला. भाऊजी पह्यले मानेच ना, ताईनं म्हंजे माह्या बहिणीनं फोन हातातून घेतला तवा शिव्या काढल्या, बाकी मेसेज पुन्हा टाकला, संग त्या जुन्या पानाचा फोटो, पेन्सिलीच्या रेघेसकट. मले वाटलं काका आता ग्रुप सोडतात. तासाभरानं त्यायचा मेसेज आला, हे पुस्तक कोणत्या सालचं, आमच्या नातवाकडे बी हेच हाय.