तुमचा प्राणी तुम्हाला दिला कोणी? टोटेम-चित्रांच्या वर्कशॉपविषयी

रेषामास्तर, डिचोली

गोव्यात किनाऱ्याकडच्या गावांत सध्या एका नव्या वर्कशॉपची चलती आहे : 'आपला टोटेम प्राणी चितारा'. डोळे मिटून ढोल ऐकायचा, मनात जो प्राणी येईल तो आपला आत्मिक रक्षक मानायचा आणि दुपारपर्यंत ॲक्रिलिकने तो कॅनव्हासवर उतरवायचा. वर पिसं आणि मणी. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिथली चित्रं पाठवली. लांडगा, गरुड, घुबड, पांढरा घोडा, परत लांडगा. गवा आपला राज्यप्राणी, तो एकालाही दिसला नाही. बेडूक, खेकडा, रानडुक्कर तर सोडाच. ढोल ऐकल्यावर फक्त रुबाबदार जनावरंच कशी येतात?

जनावर काढायला माझा विरोध असता तर इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली नसती. विरोध आहे तो 'माझा टोटेम' या दाव्याला. ही कल्पना ज्यांची, त्या उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांत टोटेम म्हणजे कुळाचा प्राणी. सारस, अस्वल, मासा, मार्टेन (एक लहान रानटी जनावर) ही कुळं. कूळ बापाकडून मुलाला मिळतं, एका कुळात लग्न होत नाही. १७०१ साली मॉन्ट्रियलला फ्रेंचांबरोबर मोठा तह झाला तेव्हा तिथल्या आदिम राष्ट्रांच्या प्रमुखांनी सहीच्या जागी प्राण्यांची चित्रं काढली. चार रेषांचा पक्षी, पण त्यामागे अख्खा समाज उभा. ते चित्र काढणारा आपल्या लोकांचा शब्द देत होता.

आपल्याकडेही तसंच. लग्नात देवक बसवतात. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, तर मोर मारायचा नाही. नागपंचमीला पाटावर चंदनाने नाग काढला की त्या दिवशी जमिनीत नांगर घालायचा नाही. चित्राबरोबर नेम येतो. पैसे भरून काढलेल्या लांडग्याबरोबर कुठला नेम येतो, कोणी सांगेल का?

शापोराकाठची

मास्तर, तुम्ही म्हणता तसलं एक वर्कशॉप मी घेते, तेव्हा मीच सांगते.

पहिली गोष्ट, ओजिब्वेंची अर्धीच बाजू तुम्ही मांडलीत. कुळाचा प्राणी वेगळा आणि माणसाचा स्वतःचा रक्षक वेगळा. वयात येताना मुलं रानात एकटी राहून उपास करायची, स्वप्नात जो भेटेल तो त्यांचा सोबती. तो बापाकडून येत नसे. म्हणजे एकट्या माणसाचं एका जनावराशी नातं जुळणं ही गोव्यात येणाऱ्या पर्यटकांनी काढलेली टूम नाही.

दुसरी गोष्ट, आपलंच भागवत उघडा. एकादश स्कंधातला अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात कबूतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर नावाचा शिकारी पक्षी, साप, कोळी सगळे आहेत. कोणत्या कुळाने दिले ते त्याला? त्याने स्वतः निवडले. इष्टदेवता आपण निवडतोच की. घरात कुलदेवी शांतादुर्गा असताना माणूस दत्ताची उपासना धरतो, त्याला कोणी अडवत नाही.

आणि माझ्याकडे येणारे सगळेच काही हौशी नसतात. कोणी घटस्फोटातून बाहेर पडत असतं, कोणाचं माणूस गेलेलं असतं. 'मला दुःख झालंय' हे तोंडातून निघत नाही, पण जखमी घुबड काढता येतं. त्याला तुम्ही टोटेम म्हणा, नका म्हणू. माणूस मोकळा होतो. एवढं झालं तर कोणाचं काय बिघडलं?

होंड्याचा गणू

आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि तीच सातेरी देवी. रोयणीत नाग असतो हे पोराटोरांना ठाऊक. पण 'माझा आत्मिक प्राणी नाग' असं म्हणणारा गावात अजून भेटला नाही. म्हटलंच, तर आधी घाडीकडे, म्हणजे बाधा उतरवणाऱ्याकडे नेतील.

रेषामास्तर, डिचोली

ताई, अवधूताचा दाखला चांगला दिलात, पण तो तुमच्यावरच उलटतो. त्याचे गुरू पुन्हा वाचा. हरीण गाण्याला भुलून पारध्याच्या हाती सापडतं, मासा चवीपायी गळाला लागतो, पतंग रूपावर झेप घेऊन जळतो, हत्ती स्पर्शाच्या लोभाने खड्ड्यात पडतो, कबूतर पिल्लांच्या मायेत स्वतःहून जाळ्यात शिरतं. निम्मे गुरू 'असं वागू नकोस' हेच शिकवतात. 'मी हरणासारखा कोमल आहे' असं अवधूत म्हणत नाही. त्याने जनावर बाहेर पाहिलं, त्याची फजिती पाहिली आणि स्वतःला आवरलं. तुमच्या वर्कशॉपात जनावर आत सापडतं आणि माणसाची पाठ थोपटतं.

आणि उपासाचं म्हणाल, तर रानात उपाशीपोटी एकटं राहणं कुठे आणि मधल्या सुट्टीत स्मूदी पिणं कुठे!

सत्तरीचो

मास्तरांनी नेमाची गोष्ट काढली म्हणून लिहितो. नाहीतर असल्या धाग्यांवर मी बोलत नाही.

सत्तरी, सांगे, केपे, काणकोण, सगळीकडे वाघ्रो पुजतात. दगडात कोरलेला वाघ, कुठे नुसतं पाषाण. रानात गुरं नेणाऱ्याने त्याला नारळ द्यायचा. तुम्ही शहरातली माणसं यावर लेख लिहिता, 'बघा, आमच्या पूर्वजांना पर्यावरण कळत होतं.' बरं. मग जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, ते कुठल्या देशात? त्यांच्यावर विषप्रयोग झाला होता. पकडलेल्यांची गुरं वाघाने मारली होती, असं तेव्हा छापून आलं. ज्या तालुक्यात वाघ्रोपुढे हात जोडतात, त्याच तालुक्यातली ही गोष्ट.

मी त्या माणसांची बाजू घेत नाही. पण ज्याची दुभती म्हस जाते आणि भरपाईचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, त्याला 'अरे, तुझा तो देव' म्हणून सांगायला किनाऱ्यावरून कोणी येत नाही. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने म्हादईचं रान तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करायला सांगितलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. घरं उठवणार म्हणून गावात भीती आणि तिकडे कॅफेच्या भिंतीवर निळ्या डोळ्यांचा वाघ.

तेव्हा मास्तर, चित्राबरोबर नेम येतो हे तुमचं म्हणणं पुस्तकात शोभतं. नेम पाळायला पोट भरलेलं असावं लागतं. आणि ताई, तुमच्याकडे येणाऱ्यांना वाघ जवळचा वाटतो, कारण त्यांच्या गोठ्यात तो येत नाही.

कावी_आवडे

थोडं वेगळं. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीत काढलेले मोर, हत्ती, सिंह, दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी पाहिलेत ना? चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो ओला असताना लोखंडी अणकुचीने खरवडून आतला पांढरा बाहेर काढायचा. चूक झाली की खोडरबर नाही. असल्या कामात कारागिराचं लक्ष थर वाळायच्या आत मोराची मान पुरी करण्याकडे लागणार. 'हा तुझा आत्मिक रक्षक का रे?' असं त्याला विचारलं असतं, तर त्याने आधी चुन्याचा भाव सांगितला असता. प्रत्येक जनावराच्या चित्रात अध्यात्म शोधायची घाई मला दोन्ही बाजूंना दिसते.

परदेशी गोंयकार

मी कॅनडात राहतो, मूळचा म्हापशाचा. इथून ही चर्चा वेगळी दिसते.

पश्चिम किनाऱ्यावरच्या हैडा, त्लिंगित वगैरे लोकांचे कोरलेले उंच टोटेम-खांब फोटोत सगळ्यांनी पाहिले असतील. कावळा, अस्वल, ओर्का अशी घराण्यांची चिन्हं एकावर एक. खांब उभा करताना पॉटलॅच नावाचा मोठा समारंभ व्हायचा. हे चिन्ह लावायचा हक्क या घराण्याचा, हे जमलेल्या पाहुण्यांसमोर ठरायचं. कॅनडा सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली होती. त्याच काळात खांब उपटून संग्रहालयांत गेले. हैस्ला लोकांचा एक खांब स्वीडनला पोचला होता, तो २००६ मध्ये परत आला. परत मिळवायला त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

म्हणून 'कोणाचं काय बिघडलं' हा प्रश्न इथे कोणी सहज विचारत नाही. ज्यांना स्वतःचं चिन्ह उभारल्याबद्दल तुरुंग दाखवला, त्यांच्याच चिन्हाचा कोणी सप्ताहांताला छंद केला, तर त्यांना बोचणारच. तुमच्या विद्यार्थ्यांना हे माहीत असतं का, शापोराकाठच्या ताई?

शापोराकाठची

नसतं. आणि पिसं-मण्यांची टीका मला मान्य आहे. पिसं माझ्याकडे कधीच नव्हती, पण इतरांकडे असतात हे मी पाहिलंय.

पण सत्तरीच्या भावाला एक विचारते. गोठ्यात वाघ येत नाही म्हणून वाघाशी नातंच जोडू नये, असं कसं? मग पुढची पिढी वाघाबद्दल बोलणार तरी कशी? तुमच्या शिगम्यात घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन गडी नाचतात. त्यातल्या कितीजणांनी घोडा पाळलाय? तरी ढोल वाजला की तो गडी घोडाच होतो. मी बघून आले आहे, अंगावर काटा येतो. तिथे ढोल चालतो आणि माझ्याकडे वाजला की ढोंग?

सत्तरीचो

ताई, घोडेमोडणीत घोडा कोणी निवडत नाही. घोडा गावाचा. बांधायचा मान कोणाचा, कुठल्या घरासमोर नाचायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी तोच गडी रस्त्याच्या कामावर असतो, 'माझा आत्मा घोड्याचा' असं कोणाला सांगत फिरत नाही. तुमच्याकडून माणूस चित्र काखेत मारून घरी जातो. फरक तिथे आहे.

पण वाघाबद्दल बोलायला पुढची पिढी हवी, हे तुमचं बरोबर. चिडलो होतो, म्हणून तेवढं लिहिलं.

कुशावतीचा वाटाड्या

इतकं सगळं झालं आणि उसगाळीमळचं नाव कोणी घेतलं नाही, नवल आहे. रिवणजवळ कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सड्यावर बैल, हरणं, मोर, माणसं, एक चक्रव्यूह अशा शंभरावर आकृती कोरलेल्या आहेत. गावच्या लोकांना ठाऊक होत्या, अभ्यासकांपर्यंत पोचल्या १९९३ साली. कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर हे ठिकाण २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. त्याच यादीतला राजापूरकडचा कशेळीचा हत्ती पाहा, अठरा मीटरच्या आसपास लांब आणि त्याच्या पोटात इतर जनावरं.

तिथे येणारे अर्धे लोक मला विचारतात, 'हा त्यांचा टोटेम का?' काळावरच अभ्यासकांचं एकमत नाही, तर कोरणाऱ्याच्या मनातलं मी काय सांगू? तो बैल शिकारीचा असेल, पूजेचा असेल, कंटाळलेल्या गुराख्याचाही असेल. दिसतं ते एवढंच की दगडात एवढी खोल रेघ मारायला पुष्कळ वेळ आणि दणकट मनगट लागतं आणि बैलाच्या वशिंडाची वळणं ज्याने कोरली त्याने बैल नीट पाहिलेला होता.

रेषामास्तर, तुमचं 'चित्राबरोबर नेम' हेही इथे सिद्ध करता येत नाही, बरं का.

रेषामास्तर, डिचोली

सिद्ध करायला मी उसगाळीमळ घेतलंच नव्हतं. पण 'बैल नीट पाहिलेला होता' हे वाक्य मला पुरेसं आहे.

ताईंना माझी एकच सूचना. डोळे मिटायच्या ऐवजी उघडायला सांगा. सकाळी सगळ्यांना शेतात न्या, बगळा दाखवा, म्हशीच्या पाठीवरचा कावळा दाखवा, मग काढू द्या. मोरही दाखवा. २०१६ मध्ये याच मोराला उपद्रवी प्राण्यांत घालायचा विचार आपल्या सरकारने बोलून दाखवला होता, कारण तो शेत खातो. ते खाल्लेलं शेतही दाखवा. त्यानंतरही कोणाला मोर आपला वाटला, तर मी तोंड उघडणार नाही.

शापोराकाठची

शेतात नेईन, त्यात मला कमीपणा नाही. पण डोळे मिटणं सोडणार नाही. ज्या बाईने घुबड काढलं, तिला बगळा दाखवून काही उपयोग झाला नसता. बाहेरचं पाहून काढणं ही तुमची चित्रकला झाली. माझ्याकडे येणारे चित्रकला शिकायला येतच नाहीत. टोटेम हा शब्द मात्र जाहिरातीतून काढते, परदेशी गोंयकारांनी लिहिलेलं वाचल्यावर तो ठेववत नाही.

वाटाड्या भाऊ, पुढच्या तुकडीला उसगाळीमळला आणलं तर चालेल का? तिथे बसून चित्रं काढतील.

कुशावतीचा वाटाड्या

आणा. पावसाळा सोडून या, नदीला पाणी चढलं की सडा बुडतो. अटी दोन. आकृती उठून दिसाव्यात म्हणून खडूने गिरवायच्या नाहीत आणि कागद ठेवून वर कोळसा घासायचा नाही. बाटलीभर पाणी ओतलं की रेघा आपोआप दिसतात. चपला सड्याबाहेर. आणि ढोल आणणार असाल तर आधी गावात विचारा, तिथे होय म्हणाले तरच.

होंड्याचा गणू

आणि स्मूदी नको. तिथे पेजच मिळेल, ती पण सांगून ठेवली तर.