मैफलीआधीचे तीन तास : तुम्ही काय करता?

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीचं पहिलं जाहीर गाणं होतं. वय १९. यमनचा बडा ख्याल, एक द्रुत बंदिश आणि शेवटी अभंग, असं मिळून चाळीस मिनिटं. वर्षभर आम्ही दोघींनी त्यावर जीव ओतला होता. तिचा नंबर यायला अर्धा तास होता. विंगेत तिने माझा हात धरला, तर तिची बोटं गारठलेली. म्हणाली, "ताई, सा लागत नाहीये." आणि मला काय सांगावं ते सुचेना. पंचवीस वर्षं गाते, पंधरा वर्षं शिकवते. राग कसा मांडायचा, आवर्तन कसं भरायचं, समेवर कसं यायचं, सगळं तिला सांगितलं होतं. त्या अर्ध्या तासात काय करायचं हे मात्र मी शिकवलंच नव्हतं, कारण मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

ती गायली, चांगली गायली. पण पहिली दहा मिनिटं श्वास छातीतच अडकलेला, पोटापर्यंत पोचतच नव्हता. ती दहा मिनिटं मला अजून टोचतात.

आधी माझं सांगते. संध्याकाळची मैफल असेल तर सकाळी फक्त खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, तोही वीस मिनिटं. दिवसभर रियाज करून गळा संध्याकाळपर्यंत दमवायचा नाही. दुपारी एकला साधा वरणभात, नंतर फार तर एखादं केळं. पाणी सकाळपासून घोट घोट. आयत्या वेळी बाटली रिकामी करून काही होत नाही, कारण गिळलेलं पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही, ते अन्ननलिकेत जातं. शरीरात मुरून तंतूंपर्यंत ओलावा पोचायला वेळ लागतो. तंबोरे मी स्वतः लावते. घोडीवर दोरा केसाएवढा पुढे-मागे सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, उघडेपर्यंत कान बाकी सगळ्यातून सुटून त्या सुरात जातो. माझी मनाची तयारी एवढीच.

गाणारे, वाजवणारे, भजनी मंडळातले, ढोल पथकातले, सगळ्यांनी या धाग्यावर लिहा. दुखणी लपवू नका. आपल्याकडे ती लपवण्यातच धन्यता मानतात आणि त्यात हात जातात, गळे जातात.

तबला, तीस वर्षं साथसंगत

ताई, फार गरजेचा विषय काढलात. माझी तयारी वाद्यापासून सुरू होते. पावसाळ्यात कोकणातून तबला घेऊन निघालो की पुडी, म्हणजे वरचं कातडं, दमट, सूर उतरलेला. सभागृहात एसी सुरू झाला की कातडं सुकतं आणि सूर चढायला लागतो, वरून दिव्यांची ऊब. म्हणून मी तासभर आधी पोचतो, तबला पिशवीतून काढून रंगमंचावर नुसता ठेवून देतो. त्याला ती हवा लागू द्यायची, मग हातोडी. घाईत मिळवलेला तबला पहिल्या ख्यालातच दगा देतो आणि गायकाची एकाग्रता मोडते.

आता हाताचं. २०१४ मध्ये उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, स्नायुबंधाला सूज आहे, सहा आठवडे वाजवायचं नाही. तो ऐन सीझन होता. गोळ्या खाऊन सगळे कार्यक्रम वाजवले, कुणाला बोललो नाही, कारण एकदा "याचा हात गेलाय" असं झालं की बोलावणी थांबतात. फेब्रुवारीत चहाचा कप उचलवेना. सहा आठवड्यांचे पाच महिने झाले. घरी बायकोने माझ्या शर्टाची बटणं लावून दिली आहेत, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

तेव्हापासून नेम असा : कार्यक्रमाआधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात. मग विलंबित तीनतालाचा नुसता ठेका, दाब न देता. कायदा बराबरीतच, म्हणजे मूळ लयीत, तिट-तिरकिटची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, ग्रीनरूममध्ये नाही. शेजारी कुणी कितीही तयारीचं वाजवत असो, आपण तिथे दाखवायला जायचं नाही. वाजवताना दुखलं तर थांबायचं. माझ्या विद्यार्थ्यांना हे मी पहिल्या महिन्यातच सांगतो.

ख्याल आणि नाट्यसंगीत

दादांनी लिहिलं म्हणून मीही लिहिते. बायका हे आपसांतसुद्धा दबक्या आवाजात बोलतात. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस माझा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, जड होतो, आवाजाची कड खरखरीत लागते. कितीतरी वर्षं मला वाटायचं, आपला रियाज कमी पडतोय. मग एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं : त्या दिवसांत स्वरतंतूंना किंचित सूज येते, बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. तेव्हा ओढून गायलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी वेदनाशामकं त्या दिवसांत स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

आता तारीख तशी आली तर मी पेटीच्या काळी चार पट्टीऐवजी तिच्या खालच्या पांढरी पाचमध्ये गाते. अर्ध्या सुराचाच फरक, पण गळ्याला केवढा मोकळेपणा! नाट्यपदांतली मोठी तानेची पदं बाजूला ठेवते. आणि मैफलीआधी सारखं खाकरायचं नाही, त्याने तंतू एकमेकांवर आपटतात. कुजबुजतही नाही. बोलायचंच नाही, वहीवर लिहून दाखवते.

तबला (वरचाच)

ताई, पट्टी बदलायची तर खुशाल बदला. फक्त आदल्या दिवशी कळवा, आम्ही त्या सुराचा तबला घेऊन येतो. कारण विचारणार नाही.

बासरी

थोडक्यात लिहितो. डिसेंबरातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमात बासरी थंड पडते आणि सूर खाली जातो. वाजवून गरम झाली की पुन्हा वर. म्हणून नंबर येईपर्यंत शालीत, अंगाशी धरून बसतो. ओठांना साजूक तूप आदल्या रात्री. आयत्या वेळी लावलं तर फुंक घसरते.

व्हायोलिन, न्यू जर्सी

मी इथल्या मराठी मंडळात आणि एका हौशी वाद्यवृंदातही वाजवतो. हात कापणं हा आमच्या वाद्याचा शाप आहे. गायकाचा हात थरथरला तर कुणाला कळत नाही, आमचा गज थरथरला की शेवटच्या रांगेत ऐकू येतं. लांब, संथ स्वर ओढताना तर फारच. इथे पाश्चात्त्य वाद्यवृंदांतले पुष्कळ वादक धडधड आणि कंप कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी घेतात, आता तसं उघड बोलतातही. डॉक्टरांना विचारून मीही घेतली, पहिल्यांदा घरी, कार्यक्रम नसलेल्या दिवशी. छातीतली धडधड आणि हाताचा कंप खरंच थांबला. भीती मात्र होती तिथेच होती. दोन वर्षांनी ती गोळी सोडली. आता कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी त्याच वेळी, तेच कपडे घालून, घरातल्या चार माणसांसमोर पूर्ण कार्यक्रम वाजवतो. चुकलं तरी न थांबता. याचा मला गोळीहून जास्त उपयोग झाला. पण ज्यांना गोळी लागते त्यांना कमी लेखू नये, असं मनापासून वाटतं.

सुगम संगीत

व्हायोलिनवाले दादा, एक भर घालते. मला दमा आहे. ही गोळी मागायला गेले तर डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, दम्याच्या माणसाची श्वासनलिका तिने आवळू शकते. कृपया कुणी मैत्रिणीकडून घेऊन खाऊ नका.

श्वास कमी पडतो म्हणून मी खूप रडले आहे. मग कुमार गंधर्वांचं आयुष्य वाचलं. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेलं, देवासला काही वर्षं गाणं पूर्ण बंद. आणि त्यानंतर छोट्या छोट्या स्वरवाक्यांचं ते गाणं. ते तसंच कसं घडलं हे सांगायला मी कोण? पण त्या दिवसापासून मी माझ्या गाण्यांत श्वासाच्या जागा शोधायला बसले. प्रत्येक ओळीवर पेन्सिलने टिंबं करते, कुठे पूर्ण श्वास, कुठे चोरटा. कार्यक्रमाआधी गात नाही, फक्त ती टिंबं वाचते.

ढोल पथक, पुणे

आमच्याकडे दोन महिने सराव असतो. कंबरेला ढोल बांधून तासन्‌तास उभं राहायचं म्हणून पाठ आणि मांड्या आधी तयार करतो. बोटांना चिकटपट्टी सगळेच लावतात. कानात बोळे (इअरप्लग) मात्र घालत नाहीत, लाज वाटते. मीही घालत नव्हतो. वय ३१, डाव्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते. ती थांबणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पोरांनो, बोळे घाला.

पखवाज, भजनी मंडळ

आम्हाला ग्रीनरूम नाही. देवळाच्या ओवरीत बसायचं. घरून निघताना बायको कणकेचा गोळा ओल्या फडक्यात बांधून देते. भजनाआधी धुमेच्या, म्हणजे पखवाजाच्या खालच्या नादाच्या बाजूच्या, पुडीवर ती कणीक लावायची. सैल झाली तर वाजवताना ओघळते, घट्ट झाली तर सुकून सुटते. मध्ये जाड, कडेला पातळ, पुरीएवढी. अंगठ्याने दाबत जायचं, थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, परत थाप. खालचा नाद पोटात घुमला की झालं. दिवसभर शेतावर कितीही तणतण झाली असली तरी या दहा मिनिटांत माझं डोकं शांत होतं. इतकी वर्षं मी याला वाद्याची तयारी समजत होतो. तुमचं तंबोऱ्याचं वाचलं आणि वाटलं, ही माझीच तयारी.

धागा काढणारी

पखवाजवाल्या काकांचं दोनदा वाचलं. त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीचे तंबोरे मी लावले होते. तिला त्रास नको म्हणून. तिला खुर्चीवर बसवलं आणि ती अर्धा तास नुसती घाबरत बसली, हाताला काहीच काम नाही.

पुढच्या रविवारी तिचं दुसरं गाणं आहे, छोटंसं, एका घरगुती बैठकीत. तंबोरे तीच लावणार आहे. काल क्लासमध्ये तिच्या हातात दोरा दिला. पहिल्यांदा तुटला. दुसरा दिला.