ड्रीम थिएटर चाळिशीत: पट्टी उतरली म्हणून मैफल उतरली का?

टेम्सकाठी:

२० ऑक्टोबर २०२४ ला लंडनच्या ओटू अरेनात ड्रीम थिएटरच्या चाळिसाव्या वर्षाच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली कॉलेजात जॉन पेट्रुची, जॉन म्युंग आणि माइक पोर्टनॉय या तीन पोरांनी 'मॅजेस्टी' नावाने सुरू केलेला हा बँड. प्रोग्रेसिव्ह मेटल (जड गिटार, लांब आणि गुंतागुंतीच्या रचना) म्हटलं की पहिलं नाव यांचं निघतं. ड्रमर पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला, २०२३ मध्ये परत आला, आणि परतल्यावरचा त्याचा बँडबरोबरचा पहिला कार्यक्रम हाच. मी तिथे होतो. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली आहे. तिथे आता नुसते इमोजी उरलेत, म्हणून इथे धागा काढतोय.

वादाचा विषय जेम्स लाब्री. गायक, त्या रात्री वय ६१. १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' अल्बममध्ये तो ज्या उंचीवर गायला, ती तेव्हाही चार जणांना जमली नसती. पुढे १९९४ च्या डिसेंबरात क्यूबात सुट्टीवर असताना अन्नातून विषबाधा झाली, उलट्यांच्या जोराने स्वरतंतू दुखावले, आणि डॉक्टर नको म्हणत असताना पुढच्या महिन्यात हा गडी जपानच्या दौऱ्यावर गेला. त्या गळ्याने अजून तीस वर्षं काढली आहेत. आता जुनी गाणी खालच्या पट्टीत होतात, काही चढ्या जागा तो वळसा घालून जातो. आमच्या ग्रुपमधल्या एका पक्षाचं म्हणणं, 'मग गायचंच कशाला? आठवणींचे पैसे काढतात झालं.'

माझं म्हणणं उलट आहे. पट्टी उतरवणं हा प्रामाणिकपणा आहे. मागे टेप लावून वरचा सूर 'काढून' दाखवण्यापेक्षा 'एवढंच जमतं, एवढं देतो' हे मला शंभर पट पटतं. शिवाय तीन तासांच्या कार्यक्रमात गाणं असतं किती? लांबलचक वाद्यांच्या जागा आल्या की लाब्री मंचावरून निघून जातो. 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस' तर अकरा मिनिटं निव्वळ वाद्यं. तेव्हा समोर काय चालू असतं? फिरत्या स्टँडवरचा कीबोर्ड स्वतःकडे वळवून घेणारा जॉर्डन रुडेस, वय ६७. गिटारवाल्या पेट्रुचीचा उजवा हात, ज्यात मनगटापलीकडे काहीच हलत नाही आणि तरी सुरांचा पाऊस पडतो. आणि सहा तारांच्या बासवर कोळ्यासारखी चालणारी म्युंगची बोटं. हे रेकॉर्डवर ऐकून कळत नाही. तिथे वाटतं, एडिट केलं असेल. समोर बघितलं की तो संशय मिटतो.

तर, जुन्या बँडला बघायला जावं का? मी म्हणतो धावत जावं. बोला.

पाचवी_तार:

असहमत. सविस्तर लिहितो, कारण 'पट्टी उतरवली तर काय बिघडलं' हे फक्त गाण्याच्या बाजूने ऐकणारेच म्हणू शकतात.

मी गिटार वाजवतो. त्यांच्या 'पुल मी अंडर' या गाण्याची रिफ (गिटारवर परत परत येणारा तुकडा) खालच्या खुल्या तारेवर उभी आहे. ती तार एक पूर्ण स्वर सैल केली की तिचा ताण जातो, टोकदारपणा जातो. आवाज जड होतो, पण थोडा चिखलही होतो. जाड तारा लावून ताण भरून काढता येतो, तरी त्या गाण्याची जी धार होती ती मूळ पट्टीतलीच. म्हणजे एका माणसाच्या गळ्यासाठी बाकी चौघांचा नाद बदलला. हा निर्णय योग्य असेल, पण 'फुकट' नाही. तुम्ही तो फुकट असल्यासारखा लिहिलाय.

दुसरं. वाद्यांच्या जागांसाठी जायचं म्हणता, तर मग हा गायक असलेला बँड आहे हे विसरायचं का? 'लर्निंग टू लिव्ह'मध्ये तो चढा सूर येतो तेव्हा अख्खं गाणं त्या एका क्षणाकडे चाललेलं असतं. तो क्षण नसेल तर उरलेली दहा मिनिटं कशाची तयारी होती?

सवाईवाला:

पाचवी_तार, तुमचा मुद्दा कळतो, पण आपण मराठी माणसांनी तरी असा हिशेब मांडू नये. २००७ च्या सवाईत भीमसेनजी काही वर्षांच्या खंडानंतर गायले. वय ८५, शरीर थकलेलं. मंडपात कोणी 'पूर्वीची तान आली नाही' म्हणून पैसे परत मागितले नाहीत. एखादा स्वर असा लागायचा की शेजारी बसलेले आजोबा डोळे पुसत होते. म्हातारा गवई जे सोडून देतो त्यातही गाणं असतं. लाब्रीला ती सवलत का नाही? तो गोरा आहे आणि काळा टी-शर्ट घालतो म्हणून? (हलके घ्या.)

पाचवी_तार:

ही तुलना येणार हे माहीतच होतं. सवाईवाला, तुम्हीच विचार करा. ख्यालात गवई काय गायचं हे त्या दिवशी, त्या घटकेला ठरवतो. दम कमी असेल तर तान आखडती घेतो, मंद्रात जास्त रमतो, विलंबित वाढवतो. बंदिश दोन ओळींची, बाकी सगळं त्याचं. वय झालं की गाणं त्याच्याबरोबर वय वाढवतं.

इथे तसं नाही. 'मेट्रोपोलिस'मधली प्रत्येक जागा आधीच बांधलेली आहे, पाच जणांनी एकत्र. लाब्रीला मंद्रात रमायला जागाच नाही, कारण पुढच्या मात्रेला बाकी चौघं धाडकन येणार आहेत. जवळची तुलना हवी असेल तर संगीत नाटकाची करा. बालगंधर्व उतारवयात शालू नेसून उभे राहायचे आणि लोक जायचे. ते लोक समोरच्या नटाला बघत होते की डोक्यातल्या जुन्या नटाला?

सवाईवाला:

दोघांना. आणि त्यात वाईट काय आहे हे मला अजून कळलेलं नाही.

मृण्मयी_डोंबिवली:

तुम्ही लंडनमध्ये बसून पट्टीवर वाद घाला. इथे एवढा मोठा प्रॉग (प्रोग्रेसिव्ह) बँड समोर बघायला मिळणं हीच चैन आहे. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री आले होते, ते बघितलेले लोक अजून त्यावर जगतायत. एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाला पुण्यात २०१६ मध्ये त्यांचाच गायक स्टीव्हन विल्सन आला, २०१९ मध्ये ओपेथ. ओपेथला मी होते.

आणि गळ्याचाच विषय निघालाय तर ओपेथचा गायक मिकाएल ओकरफेल्टचं उदाहरण घ्या की. २०११ च्या 'हेरिटेज'पासून त्याने रेकॉर्डवर गुरगुरणं, म्हणजे ग्रोल, बंद केलं. तेव्हा चाहत्यांनी केवढा गोंधळ घातला होता! पण पुण्यात जुनी गाणी निघाली की तोच माणूस पोटातून असा आवाज काढत होता की माझ्याबरोबर आलेली बहीण (ती अरिजितची चाहती) दोन पावलं मागे सरकली. आणि मधेच तो इतक्या हळू, कोरड्या आवाजात विनोद करायचा की वाटावं बँकेत पुढच्या खिडकीवर बसणारे काका आहेत. २०२४ च्या अल्बमवर ग्रोल परत आला. म्हणजे 'आता संपलं' असं आपण जे लांबून ठरवतो, ते बऱ्याचदा कलाकाराने ठरवलेलंच नसतं.

पाचवी_तार यांचा खुल्या तारेचा मुद्दा मात्र पटला. तो आधी लक्षात आला नव्हता.

मँजिनी_समर्थक_मंडळ:

धाग्याला फाटे फोडतोय, पण कुणीतरी बोलायलाच हवं.

पोर्टनॉय परत आला, सगळे गहिवरले. छान. पण मधली तेरा वर्षं कोण वाजवत होतं? माइक मँजिनी. बर्कलीतली शिकवण्याची नोकरी सोडून आला, सात जणांच्या चाचणीतून निवडला गेला, पाच स्टुडिओ अल्बम वाजवले, आणि बँडला २०२२ मध्ये पहिलं ग्रॅमी मिळालं ते 'द एलियन' या गाण्याला, ज्यावर ड्रम्स त्याचेच. नुसत्या हाताच्या स्वच्छतेचं म्हणाल तर तो पोर्टनॉयपेक्षा अचूक. आणि चाळिशी साजरी करताना जणू मधलं प्रकरण झालंच नाही असा सगळ्यांचा सूर. तुम्हीही मूळ लेखात त्याचं नाव घेतलेलं नाही, धागाकर्ते.

टेम्सकाठी:

नाव घेतलं नाही हे खरं, पण 'झालंच नाही' हे बँडला लागू होत नाही. त्या रात्री 'बारस्टूल वॉरियर' आणि 'धिस इज द लाइफ' ही दोन्ही मँजिनीच्या काळातली गाणी होती, आणि पोर्टनॉयने ती वाजवली. दुसऱ्याने बसवलेलं, स्वतःच्या गैरहजेरीत गाजलेलं गाणं सगळ्यांसमोर वाजवायला मोठं मन लागतं.

अचूकतेबद्दल: मँजिनी अचूक होता, मान्य. पण पोर्टनॉय स्टुलावरून उठून उभा राहतो, प्रेक्षकांकडे काठी रोखतो, सातच्या ठेक्यात लोकांना टाळ्या वाजवायला लावतो आणि लोक वाजवतात. चुकत चुकत, पण वाजवतात. माझ्या शेजारी साठीचे एक इंग्रज गृहस्थ होते, ते दर वेळी सातव्या मात्रेवर टाळी खाऊन टाकायचे आणि स्वतःवरच हसायचे. बँड नुसता वाजवणं आणि बँड चालवणं यातला फरक तिथे दिसतो.

पाचवी_तार, तुम्हालाही उत्तर देणं लागतो. तारेचा ताण जातो हे खरं, आणि 'अंडर अ ग्लास मून' ऐकताना मलाही काहीतरी वेगळं वाटत होतं. पण 'होलो इयर्स' घ्या. १९९७ चं गाणं, मुळातच शांत. ते त्याच्या आजच्या आवाजात बसतं, किंबहुना जास्त बसतं. पस्तिशीच्या आतल्या माणसाने सरलेल्या वर्षांबद्दल गाणं आणि एकसष्टाव्या वर्षी तेच गाणं, यात दुसरं खरं वाटतं. माझी तक्रार असलीच तर पट्टीबद्दल नाही, निवडीबद्दल आहे. चाळीस वर्षांच्या साठ्यातून आजच्या गळ्याला शोभतील अशी गाणी अजून काढता आली असती.

उत्तररात्र:

यालाच तर 'थांबावं कधी' म्हणतात ना? कॅनडाच्या रश या बँडने काय केलं बघा. २०१५ मध्ये चाळिशीचा दौरा केला, ड्रमर नील पर्टच्या शरीराला झेपेना, थांबले. २०२० मध्ये पर्ट गेला. कोणाच्याही मनात पडका रश नाही.

मृण्मयी_डोंबिवली:

उत्तररात्र, रश २०२६ साठी परत निघालेत की! अनिका निलेस ड्रम्सवर. थांबण्याचं तुमचं आदर्श उदाहरणच उठून चालायला लागलं.

उत्तररात्र:

ठाऊक आहे. मी जाणार नाही.

सवाईवाला:

तिकीट मिळालं तर सांगा, मी जाईन.

पाचवी_तार:

'निवडीबद्दल तक्रार' म्हणालात, टेम्सकाठी, तिथेच तुम्ही माझ्या बाजूला आलात. फक्त मान्य करत नाही. आजच्या गळ्याला शोभेल ते गा, हेच तर मी म्हणतोय. मग 'ऑक्टाव्हेरियम' कशाला? चोवीस मिनिटांचं गाणं, शेवटाकडे जिवाच्या आकांताने ओरडायची जागा, तेही दुसऱ्या अंकात, अडीच तास झाल्यावर.

आणि गायक बदलण्याबद्दल कोणी काही बोललेलं नाही. क्वीन्सरिक या अमेरिकन मेटल बँडने २०१२ मध्ये जेफ टेटच्या जागी टॉड ला टोर्रे आणला. जुनी गाणी मूळ उंचीवर ऐकायला मिळतात. भावना बाजूला ठेवून विचार केला तर तोही एक रस्ता आहे.

टेम्सकाठी:

'ऑक्टाव्हेरियम' कशाला, याचं उत्तर सोपं आहे. ते नसतं तर वीस हजारांच्या त्या सभागृहात दंगल झाली असती. त्या ओरडण्याच्या जागेला लाब्रीचा आवाज किती होता हे मी सांगूच शकत नाही, कारण आमच्या ब्लॉकमधला प्रत्येक जण ती ओळ बेंबीच्या देठापासून ओरडत होता, मीही. तुम्ही म्हणाल हे झाकणं झालं. असेल. रेकॉर्डिंगवरून पारख करणाऱ्याला हा भाग कधीच मिळणार नाही, एवढंच म्हणतो.

गायक बदलणं नको. उंची मिळेल, पण मग ती उत्तम आर्केस्ट्रा पार्टी होईल. ला टोर्रे भारी गातो यात वाद नाही. त्याला ऐकताना माझं निम्मं लक्ष 'हुबेहूब जमतंय का' यातच जातं.

पाचवी_तार:

सगळे ओरडत होते म्हणून गायक ऐकू आला नाही, आणि तरी गाणं चांगलं झालं. याला तुम्ही पुरावा म्हणता?

मँजिनी_समर्थक_मंडळ:

अवांतर: ती रविवारची रात्र होती ना? परत कसे आलात?

टेम्सकाठी:

जुबिली लाइनने. नॉर्थ ग्रिनिचला काळ्या टी-शर्टांची अशी रांग की दादरचा ब्रिज बरा. रविवारी रात्रभर ट्यूब (लंडनची मेट्रो) नसते, त्यामुळे शेवटची गाडी चुकू नये म्हणून काही जण 'पुल मी अंडर' सुरू व्हायच्या आधीच निघाले. अख्ख्या धाग्यात मला खरा राग कोणाचा असेल तर त्यांचा.