दत्ता नावाचे चौघे

हिंदी चित्रसंगीतात अरेंजरांवर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना बांधणाऱ्यांवर, अन्याय झाला असं म्हणतात; अरेंजर सेबॅस्टियन डिसोझांबद्दल तर शंभर टक्के सहमत. पण श्रेयनामावलीत नाव ठळक येऊनही विसरले गेलेले लोक आहेत, त्यांचं काय?

संगीतकार दत्ता नाईक, म्हणजे एन. दत्ता, घ्या. मूळचे गोव्याचे, सचिनदांचे (एस. डी. बर्मन) सहायक. 'साधना'तलं (१९५८) 'औरत ने जनम दिया मर्दों को' आणि 'धूल का फूल'मधलं (१९५९) 'तू हिंदू बनेगा' यांची दाद गीतकार साहिरला मिळते, आणि मिळायलाच हवी. पण इतके जड शब्द चाल पेलते, कुठेही भाषण होत नाही, ही करामत कोणाची? निर्माते बी. आर. चोप्रांनी 'गुमराह'पासून संगीतकार रवीला घेतलं आणि एन. दत्ता मागे पडले. मराठीत मात्र त्यांचे 'मधुचंद्र' आणि 'अपराध' हे चित्रपट आहेत. 'अपराध'मधलं 'सांग कधी कळणार तुला' सगळ्यांना पाठ, संगीतकार विचारा, निम्मे लोक बाबूजी (सुधीर फडके) म्हणतील!

त्यात नावाचा घोळ. 'आँसू भरी हैं' हे दत्ताराम यांचं. ते शंकर-जयकिशनचे सहायक, त्यांचा ढोलकीचा 'दत्तू ठेका' प्रसिद्ध. 'बडी माँ'वाले के. दत्ता म्हणजे कोरगावकर. आणि लताबाईंना 'आपकी सेवा में'मध्ये (१९४७) हिंदी पार्श्वगायनाची पहिली संधी देणारे ते दत्ता डावजेकर, 'पाठलाग'चे. यूट्यूबवर या चौघांची गाणी सर्रास एकमेकांच्या खात्यावर टाकलेली असतात. डीडींवर, म्हणजे डावजेकरांवर, कुणी सविस्तर लिहील का?