मदत हवी आहे: 'गोव्यात सगळे लुटतात' म्हणणाऱ्या पाहुण्यांना कसं समजवायचं?

मी म्हापशाची. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून ताई, दाजी आणि भाचा येतायत. मागच्या खेपेला कळंगुटला एका दलालाने पॅरासेलिंगचे पैसे आधी घेतले, वर होडीत बसल्यावर 'व्हिडिओचे वेगळे' म्हणून आणखी उकळले. भाड्याची स्कूटर पांढऱ्या नंबरप्लेटची निघाली, पोलिसांनी अडवलं. (भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, एवढं तरी बघून घ्या!) चीड येणारच.

पण आता दाजींच्या लेखी अख्खा गोवा चोर. त्यांचं ऐकून भाचा किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या लमाणी बाईच्या अंगावर ओरडला होता. ती बिचारी नुसती 'माळ घेता का' म्हणाली होती. या बायका मुळात कर्नाटकातल्या, दाजींना फसवणाऱ्याशी त्यांचा काय संबंध? आणि तो दलाल तरी गोंयकार होता की बाहेरचा, कुणी विचारलं?

मी काही बोलले की 'तुम्ही तुमच्याच लोकांची बाजू घेणार' असं ऐकावं लागतं. वाद नकोय मला, सण आहे.

तुमच्या घरी असे पाहुणे आले तर काय करता? सावध राहा हे पोराला सांगायचंच आहे, पण माणसं बघून नाक मुरडायला न शिकवता कसं सांगू? शुक्रवारच्या म्हापसा बाजारात चुरमुऱ्यांच्या लाडवापासून चोरीसपर्यंत (गोव्याचं मसालेदार सॉसेज) सगळं दाखवायचा विचार आहे. टॅक्सीऐवजी कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने फिरवू का? आणि वॉटर स्पोर्ट्सचं पक्कं, पावती देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.