रायफलचं ३० गोळ्यांचं मॅगझिन १० चं करायचंय, कोणी केलंय का?

टेक्ससचा_पाव्हणा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ३० चे सहा पीमॅग (प्लॅस्टिकची मॅगझिनं) आहेत. कायद्यासाठी ते १० चे करायचे आहेत. गोळ्यांची जागा कमी करायला आत घालायचा ब्लॉक ऑनलाइन मिळतो, तेवढा पुरतो का? की रिव्हेट मारावंच लागतं? २२ तारखेला निघतोय, जरा लवकर सांगा. यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

शंकासूर
निघताय कुठून, चाललात कुठे? १० ची मर्यादा न्यूयॉर्कला आहे, न्यू जर्सीला आहे, कॅलिफोर्नियाला आहे, कनेक्टिकटला आहे. प्रत्येकाचं कलम वेगळं. रायफल कुठली तेही लिहिलेलं नाही.

डेन्व्हरची_थंडी
कोलोरॅडोत १५ ची मर्यादा आहे, पण १ जुलै २०१३ च्या आधीपासून तुमच्याकडे असतील तर तशीच ठेवता येतात. बिनधास्त राहा.

शंकासूर
अहो, ते १० म्हणतायत. कोलोरॅडो मध्येच कुठून उगवलं?

सुभेदार_सातारकर
आमच्या वेळी लष्करात एसएलआर रायफल होती. ७.६२, वीस राउंडचं लोखंडी मॅगझिन. डोक्यात घातलं तर माणूस आडवा. मग इन्सास आली, तिचं पारदर्शक प्लॅस्टिकचं. कारगिलच्या थंडीत तडकायचं. म्हणून सांगतो, प्लॅस्टिकच्या वाटेला जाऊ नका.

बे_एरिया_बंड्या
ब्लॉक + इपॉक्सी + रिव्हेट. विषय संपला. नुसता ब्लॉक म्हणजे दार लोटून ठेवायचं आणि कडी लावायची नाही. पीमॅगची खालची पट्टी काढायला अर्धा मिनिट लागतो, ब्लॉक हातात येतो. कायद्यातला शब्द 'कायमस्वरूपी' आहे. मी कॅलिफोर्नियात पाच केलीत, एका दुपारचं काम.

टोरांटोची_आत्या
बंड्या, पीमॅगच्या प्लॅस्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही. चार महिन्यांनी पोपडा निघतो. आमच्याकडे सेंटरफायर सेमी-ऑटो रायफलला (दर वेळी चाप दाबला की एक गोळी, पुढची आपोआप भरते) फक्त ५ ची मर्यादा, त्यामुळे दुकानातून येतं ते पिन मारूनच. आणि काय केलं म्हणजे 'बदल' धरायचा हे इथे नियमातच लिहून ठेवलंय: धातू असेल तर वेल्डिंग, ब्रेझिंग वगैरे, नाहीतर रिव्हेट किंवा कायमचा चिकटणारा गोंद. तुमच्याकडे अमेरिकेत सगळं मोघम.

बे_एरिया_बंड्या
आत्या, आधी पॉलिशपेपर मारायचा, मग धरतं. माझी तीन वर्षं टिकलीत. शिवाय खरी पकड रिव्हेटची असते.

टोरांटोची_आत्या
मग गोंद लावलाच कशाला?

टेक्ससचा_पाव्हणा
भांडू नका हो. न्यू जर्सी, एडिसन. सगळे तिकडेच तर जातात, वेगळं काय लिहायचं :) डॅलसहून गाडीने निघणार. रिव्हेटचं कळलं. ब्लॉकची उंची किती घ्यायची?

जर्सीकाका
आता बोलतो, कारण हे मी भोगलंय.

जर्सीत १९९० पासून १५ ची मर्यादा होती. २०१८ साली ती १० वर आणली आणि डिसेंबरपर्यंत मुदत दिली. माझी चार होती. दोन विकली, दोन गनस्मिथकडून करून घेतली. त्यातल्या एकात दहावी गोळी जाईचना. दुसऱ्यात उलटा प्रकार, अकरावी आरामात बसत होती! म्हणजे पैसे घालवून मॅगझिन बेकायदाच. जास्त बसणारं मॅगझिन बाळगणं इथे फोर्थ डिग्रीचा गुन्हा आहे, १८ महिन्यांपर्यंत कैद. ३० आहेत की ११, हे कोणी विचारत नाही. म्हणून उंची इथे विचारून ठरवू नका. डमी गोळ्या भरून पाहा, मग रिव्हेट मारा, मग पुन्हा भरून पाहा.

आणि हे सगळं टेक्ससमध्येच झालं पाहिजे. एडिसनला पोचलो की शनिवारी गॅरेजमध्ये बसून करतो, हे चालणार नाही. हद्दीत शिरल्या क्षणी तुम्ही गुन्ह्यात.

पण मुळात करूच नका. सहाही तिकडे मित्राला देऊन टाका. कारखान्यातून १० चं म्हणूनच आलेलं पीमॅग पंधराएक डॉलरला मिळतं. ना रिव्हेट, ना कोणाला पटवून देणं.

आता माझे प्रश्न. रायफल एआर-१५ प्रकारची आहे ना? स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, मागेपुढे सरकतो का? नळीच्या तोंडाला काय आहे? व्हिसा कुठला?

टेक्ससचा_पाव्हणा
काका, मी मॅगझिनबद्दल विचारलं होतं. रायफल साधी आहे, सगळ्यांची असते तशीच. स्टॉक सरकतो, पुढे फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा). ग्रीन कार्ड मार्चमध्ये आलं. रायफल एच-१बीवर असताना घेतली, शिकारीचं लायसन्स काढून. रीतसर.

शंकासूर
टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर रानडुकरं मारायला २०१९ पासून लायसन्स लागत नाही.

टेक्ससचा_पाव्हणा
डुकरांसाठी नाही हो काढलं. एच-१बीवाल्याला एरवी बंदूक बाळगताच येत नाही, लायसन्स असलं की ती सूट मिळते. म्हणून काढलं.

जर्सीकाका
घ्या! म्हणजे मॅगझिन राहिलं बाजूला. सुटं मॅगझिन लागणारी सेमी-ऑटो रायफल आणि यादीतल्या दोन गोष्टी, की इथे ती 'असॉल्ट फायरआर्म'. यादीत आहे: सरकणारा किंवा घडीचा स्टॉक, पिस्तूल ग्रिप, फ्लॅश हायडर किंवा त्यासाठीचे आटे, बेयोनेटची जागा, ग्रेनेड लाँचर. तुमच्याकडे तीन झाल्या. तो सेकंड डिग्रीचा गुन्हा, ५ ते १० वर्षं. तुमची 'सगळ्यांची असते तशी' रायफल इथे सगळ्यांची नसते. बरं, रायफल कोल्ट कंपनीची नाही ना? कोल्ट एआर-१५ तर कायद्यात नाव घेऊन लिहिलंय.

कोल्ट नसेल तर स्टॉक पिन करून जागच्या जागी बसवा, फ्लॅश हायडर काढून तिथे मझल ब्रेक (धक्का कमी करणारा) पिन आणि वेल्ड करा. ग्रिप राहू द्या, एक चालते. हेही निघायच्या आधी.

रात्रीचा_वाटसरू
कशाला खर्च करता? प्रकरण कोर्टात आहे, कायदा पडणार. थोडं थांबा.

जर्सीकाका
२०२४ च्या जुलैमध्ये फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला तो वाचा. कोल्ट एआर-१५ वरची बंदी त्यांनी घरच्या संरक्षणापुरती चूक ठरवली, पण १० ची मर्यादा कायम ठेवली. पुढे अपील. तुमच्या भरवशावर ह्यांनी टर्नपाइकला लागायचं का?

नियमवाचक
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ते देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण असतं. नागरिक १८ महिने भोगून घरी येतो, तुम्ही कदाचित पुण्याला जाल. आणि वाटेतल्या राज्यांसाठी १९८६ चा फेडरल कायदा आहे: गोळ्या काढलेल्या, बंदूक डिकीत कुलपात. पण निघता तिथे आणि पोचता तिथे, दोन्हीकडे ती वैध असेल तरच त्याचा आधार. वकिलाला एकदा फोन कराच.

सदाशिव_पेठ
मराठी माणसाला रायफल हवीच कशाला? स्वप्नील कुसळेने रायफलवरच देशाला ऑलिंपिक पदक आणलं, त्याचा आदर्श घ्या.

टोरांटोची_आत्या
ती ५० मीटरची रायफल एका वेळी एकच गोळी घेते. तिला मॅगझिनच नसतं. आदर्श घेतला तर धागाच बंद होईल.

सुभेदार_सातारकर
एका गोळीतच काम झालं पाहिजे. बरोबर आहे.

बे_एरिया_बंड्या
सहा चांगली मॅगझिनं वाटून टाकणं मला अजूनही पटत नाही. निदान दोन तरी रिव्हेट करून न्या.

टेक्ससचा_पाव्हणा
अपडेट. कोल्ट नाही, वाचलो. सहाही पीमॅग ऑफिसातल्या मित्राला दिले, त्याने बदल्यात ब्रिस्केट खाऊ घातलं. १० ची तीन मागवलीत. रायफल गनस्मिथकडे टाकली, तो म्हणाला जर्सीला जाणारे या महिन्यातले तुम्ही तिसरे. बायको म्हणते विकून टाक, एडिसनमध्ये कुठली डुकरं मारणार आहेस? यावर उत्तर सुचत नाहीये.
आता शेवटचं: गोळ्यांचे डबे मूव्हर्सच्या ट्रकमध्ये टाकू का?

जर्सीकाका
मूव्हर्स गोळ्या सहसा घेत नाहीत. आधी विचारा, गुपचूप खोक्यात घालू नका. त्यात हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या) असतील तर तेही सांगा, इथे त्यांचा वेगळा जाच आहे. आणि राहायला आल्यापासून ६० दिवसांत रायफल नोंदवायची.

मिलपिटासची_मनी
काका, माझं ग्लॉक १७ पिस्तूल आहे, सतराचं मॅगझिन. आम्ही पण जर्सीला शिफ्ट होतोय. ब्लॉक टाकला तर चालेल ना?

जर्सीकाका
वरचं सगळं परत वाचा. आणि कॅलिफोर्नियातल्या मिलपिटासला तुमच्याकडे सतराचं आलं कसं, ते इथे लिहू नका.