मदत हवी आहे : जिंकत आलेले इंग्रज शतवर्षीय युद्ध हरले कसे?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातल्या मुलांना पुढच्या रविवारी इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धाबद्दल (१३३७ ते १४५३) सांगायचं कबूल केलंय. पहिला भाग नीट जमतो. इंग्रजांचे मोठे विजय : १३४६ ला क्रेसी, १३५६ ला प्वातिए, तिथे तर फ्रान्सचा राजाच कैद झाला! १४१५ ला आझांकूरला नांगरलेल्या, पावसाने भिजलेल्या शेतात चिलखती सरदार चिखलात रुतले आणि इंग्रज तिरंदाजांच्या तावडीत सापडले. हे सांगताना मुलं श्वास रोखून ऐकतील, याची खात्री आहे.

गाडी अडते ती पुढे. १४२९ ला फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या जोन ऑफ आर्कनं ऑर्लेआँ शहराला पडलेला इंग्रजांचा वेढा उठवला, १४३१ ला रुआँला तिला जिवंत जाळलं. अवघी एकोणीस वर्षांची पोर. हा प्रसंग वाचताना माझेच डोळे भरून येतात. पण युद्ध त्यानंतरही बावीस वर्षं चाललं. १४३५ ला बरगंडीच्या ड्यूकनं (फ्रान्समधलाच बलाढ्य सरदार) इंग्रजांची साथ सोडली, फ्रान्सचा राजा सातव्या चार्ल्सनं खडी (कायमची पगारी) फौज उभारली, आणि १४५३ ला कास्तियाँच्या लढाईत फ्रेंच तोफांनी शेवट केला.

यातलं निर्णायक काय मानावं? मला बरगंडीचं फिरणं सगळ्यात मोठं वाटतं, पण तोफांना कमी लेखतोय का? आणि १४४९-५० मध्ये इंग्रजांच्या ताब्यातला उत्तर फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत वर्षभरातच कसा हातचा गेला, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना समजेल असं कसं सांगू? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. मराठीत वाचण्याजोगं काही असेल तर तेही सुचवा.